नवीन खिडकीत उघडते

१ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा त्याला तीन तालुके मिळाले: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. नाव कुर्ला असलं तरी हा तालुका थेट मुलुंडपर्यंत पसरलेला आहे. या जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर बाहेरच्या एखाद्या स्थळाकडे नेणाऱ्या दुव्यावर माऊसचा बाण ठेवला, की एक बारीकशी पट्टी दिसते. हे बाहेरचं स्थळ आहे आणि ते नवीन विंडोमध्ये उघडेल, अशी सूचना त्या पट्टीत असते. देशभरातल्या असंख्य सरकारी स्थळांवर हीच सूचना आढळते. लिफ्टमधली 'इतक्याच माणसांसाठी' ही पाटी जितक्या लक्षपूर्वक आपण वाचतो, तितक्याच लक्षपूर्वक ही पट्टीही वाचतो. म्हणजे वाचतच नाही.

पण या पट्टीत दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही आता आमच्या हद्दीबाहेर जाता आहात, ही पहिली. ती माहिती आहे. दुसरी म्हणजे, तुमच्यासाठी नवीन खिडकी आम्ही उघडतो. हा निर्णय आहे, आणि तो वाचकाला विचारून घेतलेला नाही. दुवा त्याच खिडकीत उघडावा की नव्या, हा वाद वेबवर जवळपास तीस वर्षं चालू आहे. वरवर तो संगणकवाल्यांचा किरकोळ वाद वाटतो. त्याचा इतिहास पाहिला तर मात्र प्रश्न खिडकीचा राहत नाही. पुढचं पाऊल कुठे आणि कसं टाकायचं हे वाचकानं ठरवायचं की स्थळाच्या मालकानं, हा तो प्रश्न आहे. आणि या इतिहासात निर्णयाचा हक्क एकदा खरोखरच एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

आधी खिडकी वाचकाची होती

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तो नेक्स्ट या संगणकावर. त्यात दुव्यावर दोनदा टिचकी मारली की नवं पान नव्या खिडकीत उघडायचं आणि जुनं शेजारी तसंच राहायचं. म्हणजे 'नवी खिडकी' ही जाहिरातवाल्यांनी नंतर काढलेली शक्कल नव्हे, ती वेबच्या जन्मापासून आहे. फरक इतकाच, की तिथे सगळेच दुवे सारखे वागत. कुठल्या दुव्यानं कसं उघडायचं हे पान लिहिणाऱ्याच्या हातात नव्हतं.

नेक्स्टचा संगणक महागडा आणि दुर्मीळ होता. म्हणून नंतर कुठल्याही साध्या टर्मिनलवर चालेल असा ब्राउझर तयार झाला. त्यात फक्त अक्षरं दिसत. दुव्यांना क्रमांक असत, आकडा टाइप केला की पुढचं पान येई, आणि मागे जायचं तर 'बॅक' असं लिहावं लागे. खिडक्यांचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमानं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा स्वस्तातलं 'शेल अकाउंट' घेणाऱ्यांना वेब दिसलं ते असंच. काळा पडदा, लिंक्स हा अक्षरी ब्राउझर, आणि एका वेळी एक पान.

दरम्यान १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून मोझेक आला आणि वेब लोकांपर्यंत पोचलं. मोझेकमध्ये दुवा त्याच खिडकीत उघडायचा आणि मागे जायला बटण होतं. युनिक्सवरच्या मोझेकमध्ये खालच्या पट्टीत 'न्यू विंडो' असंही एक बटण होतं. ज्याला दोन पानं शेजारी ठेवायची आहेत त्यानं ते दाबावं. नवी खिडकी होती, पण तिची कडी वाचकाच्या बाजूला होती.

कडी बाहेरून

हे बदललं १९९६ मध्ये, नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीनं. तिनं 'फ्रेम' आणल्या. एकाच पानाचे कप्पे करायचे, डावीकडे यादी, उजवीकडे मजकूर. आता डावीकडच्या यादीतला दुवा दाबला तर मजकूर उजवीकडच्या कप्प्यात आला पाहिजे, हे ब्राउझरला सांगायला काहीतरी खूण हवी. त्यासाठी 'टार्गेट' हा गुणधर्म आला. आणि कप्प्यांच्या नावांसोबत एक खास नाव दिलं गेलं, 'ब्लँक'. म्हणजे कुठल्याच कप्प्यात नाही, कोऱ्या नव्या खिडकीत.

मूळ सोय कप्प्यांची होती. नवी खिडकी ही तिची एक पळवाट होती. कप्पे पुढे गेले, पळवाट राहिली. कारण पान लिहिणाऱ्याला पहिल्यांदाच असं काही मिळालं होतं, की वाचकाला दुसरीकडे पाठवायचंही आणि आपल्या दुकानातून बाहेरही पडू द्यायचं नाही.

फ्रेमांनी दुसरा उपद्व्यापही केला. दुसऱ्याचं पान आपल्या कप्प्यात दाखवता येऊ लागलं. टोटलन्यूज नावाचं एक अमेरिकी स्थळ मोठ्या वृत्तपत्रांच्या बातम्या आपल्या चौकटीत दाखवायचं. बातमी त्यांची, आजूबाजूच्या जाहिराती याच्या. फेब्रुवारी १९९७ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट, सीएनएन, रॉयटर्स आणि इतरांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. जूनमध्ये तडजोड झाली: दुवे द्या, पण चौकटीत नको.

आता आपल्या सरकारी स्थळांकडे परत येऊ. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं २००९ मध्ये भारतातल्या सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रत्येक स्थळावर 'हायपरलिंकिंग धोरण' नावाचं पान दिसतं ते या चाकोरीतलं. त्याचा मजकूर बहुतेक ठिकाणी एकच असतो. आमच्या पानांना दुवा द्यायला आमची हरकत नाही, पण आमची पानं तुमच्या फ्रेममध्ये दाखवायला परवानगी नाही, ती वाचकाच्या ब्राउझरमध्ये नव्यानं उघडलेल्या खिडकीतच आली पाहिजेत. भाषा पाहिली की ओळख पटते. हे वाक्य टोटलन्यूजच्या काळातल्या भांडणाचं आहे. फ्रेम वापरणारी स्थळं कधीच इतिहासजमा झाली, तरी त्यांच्याविरुद्धचा जाहीरनामा तहसीलदारांच्या याद्या आणि निविदांच्या शेजारी शाबूत आहे.

गंमत अशी, की धोरण फ्रेमला विरोध करताना त्याच दमात नव्या खिडकीचा हट्ट धरतं. फ्रेम नको, हे रास्त आहे. पण फ्रेम टाळायला नवी खिडकी लागत नाही. साधा दुवा पुरतो.

कॅफेतले दोन प्रसंग

या वादाचे दोन्ही पक्ष मला समजले ते कुर्ला पश्चिमेच्या सायबर कॅफेत. २००० नंतरची काही वर्षं. प्लायवूडचे खोपटे, प्रत्येकात एक संगणक, तासावर पैसे, आणि गल्ल्यावर बसून वेळ लिहिणारा मुलगा. नवखं गिऱ्हाईक दुवा दाबायचं, नवी खिडकी जुनीवर पूर्ण पसरून उघडायची. गिऱ्हाइकाला वाटायचं पान बदललं. वाचून झाल्यावर ते 'बॅक' शोधायचं. नव्या खिडकीला मागचा इतिहासच नसतो, त्यामुळे ते बटण राखाडी, मेलेलं. मग हाक जायची, 'भाई, मशीन हँग झालं.' मुलगा यायचा, वरची खिडकी बंद करायचा, खाली जुनं पान जिथल्या तिथे. गिऱ्हाइकाला ही जादू वाटायची. घड्याळ मात्र चालू असायचं.

जेकब निल्सन हे वापरसुलभतेचे अभ्यासक. त्यांनी मे १९९९ मध्ये वेबरचनेतल्या दहा नव्या चुकांची यादी केली. पहिली चूक होती 'बॅक'चं बटण मोडणं आणि दुसरी नवी खिडकी उघडणं. त्यांचं म्हणणं असं, की मागे जाणं ही वाचकाची सगळ्यात भरवशाची दोरी आहे. कितीही आत शिरलो तरी परत येता येईल, या खात्रीवरच माणूस अनोळखी दुव्यावर बोट ठेवतो. वाचक गमावण्याच्या भीतीनं मालक ही दोरी कापतो, आणि वाचक परत यायचाच असतो तर त्याची वाटही बुजवतो. निल्सन यांच्यासमोर आमच्या कॅफेतलं गिऱ्हाईक नव्हतं, पण वर्णन त्याचंच होतं.

दुसरा प्रसंग उलट्या बाजूचा. मुंबई विभागात अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन झाले. निकालानंतर कॅफेबाहेर आईबापांसकट रांगा लागत. अर्ज भरता भरता मध्येच माहिती हवी असे. अमुक कॉलेज कुठे, मागच्या वर्षी यादी किती टक्क्यांवर थांबली. अशा वेळी अर्जाच्याच खिडकीत दुसरं पान उघडलं, की परत आल्यावर भरलेले रकाने रिकामे होण्याची भीती. कित्येकदा 'पुन्हा लॉगिन करा'. पसंतीक्रम मनात जुळवून ठेवलेल्या पोरीच्या चेहऱ्यावरचा तो क्षण पाहिला, की 'नवी खिडकी वाईट' हे सूत्र ठोकून सांगता येत नाही. तिथे मदतीचं पान नव्या खिडकीतच हवं होतं.

दोन्ही प्रसंग एकाच खोलीतले, पण त्यांत फरक आहे. दुसऱ्यात वाचक काहीतरी करत होता, त्याचं अर्धवट काम टेबलावर होतं. पहिल्यात तो फक्त वाचत होता. वाचणाऱ्याला परतीची वाट हवी असते. काम करणाऱ्याला टेबल आवरलं जायला नको असतं. वादातले दोन्ही पक्ष बहुतेक वेळा यांतला एकच माणूस डोळ्यांपुढे ठेवून बोलतात.

खिडकी बदनाम होते

या दोन प्रामाणिक बाजूंच्या मध्ये एक तिसरा घुसला, पॉप-अप. नव्वदीच्या उत्तरार्धात ट्रायपॉड या स्थळावर कुणालाही फुकट पान करता येई आणि त्यावर जाहिराती लागत. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील विषयावरच्या पानावर झळकली आणि कंपनी चिडली. मग तिथले एथन झुकरमन यांनी जाहिरात पानावर न लावता वेगळ्या खिडकीत उघडणारा कोड लिहिला. हेतू असा, की जाहिरातीचा पानाशी संबंध जोडला जाऊ नये. या शोधाबद्दल त्यांनी २०१४ मध्ये द अटलांटिक मासिकात लेख लिहून माफी मागितली.

पुढचं सगळ्यांना आठवतं. एक खिडकी बंद केली की दोन उघडायच्या. कॅफेतली लहान मेमरीची मशीन खरोखरच हँग व्हायची. ब्राउझर बनवणाऱ्यांनी मग वाचकाची बाजू घेतली. आधी ऑपेरा आणि मोझिला, आणि ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर इंटरनेट एक्स्प्लोरर, यांच्यात न मागता उघडणाऱ्या खिडक्या अडवण्याची सोय आली. त्यातही एक तत्त्व होतं: वाचकानं टिचकी मारली असेल तर खिडकी उघडू द्यायची, आपोआप उघडत असेल तर अडवायची. पण ओल्याबरोबर सुकंही जळलं. पैसे भरण्याच्या, पावतीच्या खिडक्याही अडू लागल्या, आणि 'कृपया पॉप-अप ब्लॉकर बंद करा' अशा सूचना अर्जांच्या माथ्यावर चढल्या. चोरासाठी लावलेलं कुलूप पाहुण्यासाठी काढा, असं घरमालकालाच सांगण्यासारखं.

दुसरीकडे नियम करणारेही हलले होते. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये 'टार्गेट' कडक आवृत्तीतून वगळला गेला, फक्त सैल आवृत्तीत ठेवला. नियमनिष्ठ लोकांनी मग जावास्क्रिप्टच्या मागच्या दारानं तीच खिडकी उघडायला सुरुवात केली. नियमही पाळला आणि सवयही. शेवटी २०१४ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीएमएल ५ नं 'टार्गेट'ला पुन्हा उजळ माथ्यानं आत घेतलं.

अपंगांसाठी वेब सुकर करण्याच्या मार्गदर्शक तत्त्वांनी जास्त विचारी भूमिका घेतली. मे १९९९ च्या पहिल्या आवृत्तीत सांगितलं होतं, की वाचकाला कल्पना न देता नवी खिडकी उघडू नका. डिसेंबर २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबरच्या तंत्रांमध्ये ते आणखी नेमकं झालं: गरज असेल तेव्हाच उघडा, आणि उघडण्याआधी सांगा. गरजेच्या उदाहरणांत अर्ज भरताना लागणारी मदत येते, म्हणजे आपली अकरावीची पोरगी. न दिसणाऱ्या माणसाला पडद्यावरचा मजकूर यंत्र वाचून दाखवतं. खिडकी बदलली हे डोळस माणसालाही कळत नाही, तिथे त्याला अचानक भलताच आवाज ऐकू येतो आणि मागे जाण्याची कळ चालत नाही. सरकारी पट्टीतला पहिला भाग, 'सांगणं', या विचाराशी जुळणारा आहे.

टॅब, आणि मागून येणारा हात

२००४ चा फायरफॉक्स आणि २००६ चा इंटरनेट एक्स्प्लोरर ७ यांनी टॅब घरोघरी नेले. नवी खिडकी मागणारा जुना आदेश हळूहळू नवा टॅब उघडू लागला. त्रास कमी झाला, कारण मागचं पान वर दिसत तरी राहिलं. आणि त्याहून मोठं म्हणजे कडी पुन्हा आत आली. कुठलाही साधा दुवा माऊसच्या मधल्या बटणानं किंवा कंट्रोल दाबून टिचकी मारून नव्या टॅबमध्ये उघडता येऊ लागला. मोझेकचं बटण दहा-बारा वर्षांनी परत मिळालं. इथे एक एकतर्फी गोष्ट लक्षात घ्यावी. साधा दुवा वाचक हवा तर नव्या टॅबमध्ये उघडू शकतो. नव्या टॅबसाठी बांधलेला दुवा त्याच टॅबमध्ये उघडण्याचा तितका सोपा मार्ग त्याला नाही. पहिल्यात दोन्ही वाटा आहेत, दुसऱ्यात एक.

'नव्या खिडकीत उघडलं म्हणजे आपलं पान मागे सुरक्षित' हा युक्तिवादही पुढे पोकळ निघाला. अशा रीतीनं उघडलेल्या नव्या पानाला ज्या पानानं आपल्याला उघडलं त्याचा हात धरता येत असे. नवं पान लबाड असेल, तर तुम्ही ते वाचत असताना मागच्या टॅबचा पत्ता गुपचूप बदलून तिथे हुबेहूब लॉगिनचं खोटं पान आणता येई. परत आल्यावर तुम्हाला वाटे सत्र संपलं, आणि तुम्ही पासवर्ड टाकत असा. यावर 'नोओपनर' ही खूण आली, पण ती प्रत्येक दुव्यावर हातानं लावावी लागे. ही दारं ब्राउझरांनी आपणहून बंद करायला बराच वेळ घेतला. फायरफॉक्सनं जुलै २०२० मध्ये, क्रोमनं जानेवारी २०२१ मध्ये.

फोनवर

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि स्वस्त डेटा घराघरांत पोचला. कॅफेतले खोपटे रिकामे झाले किंवा झेरॉक्स आणि अर्ज भरून देण्याच्या दुकानांत बदलले. आता कुर्ल्यातला वाचक फोनवर आहे, आणि फोनच्या पडद्यावर शेजारी शेजारी दोन खिडक्या मावत नाहीत. नवा टॅब उघडला, की कोपऱ्यातल्या चौकोनातला आकडा एकनं वाढतो, बस्स. तो आकडा म्हणजे काय हे कित्येकांना ठाऊक नसतं. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये टॅब शंभरावर गेले की आकड्याच्या जागी हसरा चेहरा येतो. कुठल्याही घरातल्या मोठ्या माणसांचे फोन उघडून पाहा, तो चेहरा हसत असण्याची बरीच शक्यता आहे. त्यातला प्रत्येक टॅब म्हणजे कुणीतरी त्यांना न विचारता उघडलेली आणि त्यांना बंद न करता आलेली खिडकी.

आणि फोनवर चौकटही परत आली आहे. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरचा दुवा दाबला, की तो तुमच्या ब्राउझरमध्ये न जाता त्या ॲपच्याच पोटात उघडतो. पान दुसऱ्याचं, भोवतालची चौकट यांची. टोटलन्यूजनं जे केलं म्हणून दावा लागला, तेच आज कोट्यवधी वेळा होतं. उपनगर जिल्ह्याचं पान फेसबुकवरून उघडणारा प्रत्येक जण नकळत त्या हायपरलिंकिंग धोरणाबाहेर वागतो, आणि धोरणाला ते कळतही नाही.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियानं या सगळ्यात एक साधा मार्ग धरलेला आहे. लेखाच्या तळाशी 'बाह्य दुवे', प्रत्येकापुढे एक छोटा बाण. बाण सांगतो की हे बाहेर जातं. उघडतं मात्र त्याच खिडकीत. जायचं कसं ते तुमचं तुम्ही पाहा. कुर्ला स्टेशनवर उतरणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. गाडीत घोषणा होते, फलाटावर पाटी असते, हार्बर कुठे ते सांगितलेलं असतं. पण पूल चढून गाडी बदलायची की त्याच गाडीनं ठाण्याकडे जायचं, हे प्रवासी ठरवतो.

दुवा या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक साखळीतली कडी, दुसरा गरिबाचा घ्यावा तो आशीर्वाद. वेबवरचा दुवा दोन्ही अर्थांनी चांगला असतो, तो जोडतो आणि जाणाऱ्याला निरोप देतो. पाहुणा निघाला की त्याला दारापर्यंत सोडावं, पुढचा रस्ता सांगावा. तो परत यावा असं वाटत असेल तर घर तसं ठेवावं. त्याचं एक पाऊल उंबऱ्यात अडकवून ठेवणं हा काही आग्रह नव्हे. त्याचं जेवण अर्धवट असेल, म्हणजे अर्ज अर्धा भरलेला असेल, तर ताट झाकून ठेवावं, आणि ठेवलं आहे हे सांगावं. एरवी सरकारी पट्टीतलं पहिलं वाक्य पुरेसं आहे: तुम्ही बाहेर जाता आहात. दुसरं वाक्य खोडता येईल.